फाटकावरचा पाव तास

काचेच्या बाटल्या करणाऱ्या त्या कारखान्याच्या फाटकावर जो माणूस बसायचा, त्याला सगळे फौजदार म्हणत. पोलिसात तो कधीच नव्हता. पण मिशी तशी, आवाज तसा, आणि राग तर असा, की खऱ्या फौजदाराने उसना मागून न्यावा. काल ज्याच्याबरोबर चहा प्यायला, तो आज ओळखपत्र विसरून आला तर त्यालाही हा विचारणार, "कोण आपण?" एकदा मालकांच्या जावयाला त्याने भर उन्हात तासभर ताटकळत ठेवलं. मालकांनी त्याला वर बोलावलं तेव्हा सगळे म्हणाले, गेला बिचारा. पण मालक म्हणाले, "शाबास!" जावयाविषयी मालकांचं मत काय आहे, ते त्या दिवशी साऱ्या कारखान्याला कळलं.

तर असा हा माणूस. आणि दुपारी पाळी बदलायच्या वेळी त्याच्या केबिनमध्ये डोकावावं तर काय? एक पोरगं टेबलाखाली, दोन सतरंजीवर, आणि एक थेट फौजदाराच्या मांडीवर बसून त्याची मिशी ओढतंय!

हे कसं झालं ते सांगायला हवं. काचेची भट्टी विझवता येत नाही. वितळलेली काच साच्यात पडतच राहते, बाटल्या पट्ट्यावरून येतच राहतात. म्हणून दुसरा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय यंत्रावरच्या माणसाने जागा सोडायची नाही, असा नियम. मग त्याला काम समजावून द्यायचं, हातपाय धुवायचे आणि तेव्हा कुठे बाहेर पडायचं. बाटल्या उजेडासमोर धरून तडा, बुडबुडा तपासणाऱ्या बायकांना मात्र भोंगा वाजायच्या आत जागेवर बसावं लागे. आता नवरा सकाळच्या पाळीला आणि बायको दुपारच्या, अशी जोडपी तिथे पुष्कळ. पाळ्या मुद्दाम मागून घेतलेल्या, कारण घरी पोराकडे बघायला तिसरं माणूस नाही. नवराबायकोची धड भेट व्हायची ती सुटीच्या दिवशी. बाकी सगळं जमायचं, तो मधला पाव तास तेवढा जमायचा नाही. बायको आत गेलेली, नवरा अजून बाहेर यायचाय, आणि पोर? पोर फाटकावर.

पहिल्यांदा कुणी तरी पोर पुढे केलं तेव्हा फौजदार खेकसला होता, "हे फाटक आहे, बाई! इथे ट्रक येतात!" खेकसता खेकसता त्याने ते घेतलं. महिनाभरात केबिनमध्ये सतरंजी आली. खुर्ची पाठीला लागते म्हणून आणली, असं तो सांगायचा. बसायचा मात्र खुर्चीवरच.

मॅनेजरसाहेबांना हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण माहीत आहे म्हटलं की जबाबदारी आली, म्हणून ते त्या वेळेला फाटकाकडे फिरकायचेच नाहीत. भीती होती ती सुरक्षा खात्याच्या तपासनिसाची. फाटकाच्या आत मूल दिसलं तर कारखान्याला दंड, आणि फौजदाराची नोकरी खलास. म्हणून अनोळखी सरकारी गाडी वळणावर दिसली रे दिसली, की फौजदार डोळ्यांनी खुणावायचा आणि कारखान्याच्या बागेचे माळीबुवा पोरांची वरात घेऊन कँटीनमागच्या आपल्या खोलीत पसार व्हायचे. पोरंही इतकी तरबेज झाली होती, की त्या खोलीत चिडीचूप बसायची.

सात वर्षं हे असं चाललं. पण वर्षअखेरीला फौजदार निवृत्त होणार होता, आणि त्याच्या जागी येणारा माणूस पोरं घेईलच याची काय खात्री? सगळ्यांत जास्त घोर होता तो चष्मेवालीला. ही बाटल्या तपासणाऱ्यांतली एक, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, पण काचेतला केसाएवढा तडा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. नवरा साच्याच्या यंत्रावर. त्यांची दोन वर्षांची मुलगी सगळ्यांची चिमणी. फौजदाराने अंगाखांद्यावर खेळवलेल्या पोरांत ही त्याची सगळ्यांत लाडकी. आईच्या कडेवरून ती फौजदाराला बघायची आणि लांबूनच दोन्ही हात पसरायची. मधे फौजदार आजारी पडून रजेवर गेला, तेव्हा चष्मेवालीला दोनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा झाला की घरी बस, असं तिला सांगून टाकलेलं.

तिनेच मग चारचौघींना गोळा केलं आणि नगरपालिकेत जाऊन सांगितलं, कारखान्याजवळ सरकारी खर्चाने एक पाळणाघर काढा.

फौजदाराला हे मुळीच रुचलं नाही. घरी जेवताना तो बायकोपुढे तावातावाने बोलायला लागला, "सरकारने रस्ते करावेत, दिवे लावावेत. लोकांची पोरं सांभाळणं हे काय सरकारचं काम?"

"मग फाटकवाल्याचं आहे का?" बायको म्हणाली.

"माझी गोष्ट वेगळी. ती माणुसकी आहे."

"बरं. मग पुढच्या वर्षी तुमची माणुसकी घरी बसून काय करणार आहे?"

यावर फौजदाराने भात मागितला.

आठवड्याभराने ऐन पाळी बदलताना वळणावर सरकारी गाडी दिसली. डोळ्यांची खूण झाली, माळीबुवा वरात घेऊन गेले, सतरंजी कपाटात गेली. गाडीतून एक साधे, घामाघूम गृहस्थ उतरले. त्यांनी केबिनमध्ये डोकावून पाहिलं आणि विचारलं, "इथे कामगारांची मुलं वगैरे असतात का हो?"

"मुलं?" फौजदार छाती काढून म्हणाला. "साहेब, माझ्या फाटकातून मांजरसुद्धा विचारल्याशिवाय आत येत नाही."

"कधीच नसतात?"

"नाव काढू नका!"

साहेबांनी समाधानाने मान हलवली. "बरं झालं. पाळणाघराची मागणी आली होती, म्हटलं न सांगता जाऊन खरं काय ते बघावं. दहा ठिकाणांहून मागणी आहे आणि पैसे एकाच ठिकाणापुरते. इथे गरज दिसत नाही." आणि ते गाडीत बसून निघून गेलेसुद्धा.

फौजदाराने कपाळावर हात मारून घेतला. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात तो असा! माळीबुवा पोरं घेऊन विजयी मुद्रेने परतले तर हा आपला मटकन खाली बसलेला. संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे झाली. चष्मेवाली त्याला काही बोलली नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं तो नंतर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारपर्यंतच्या सुटीचा अर्ज टाकून तो नगरपालिकेत गेला. गणवेश इस्त्री करून चढवला होता. साहेबांच्या टेबलापुढे ताठ उभा राहून म्हणाला, "साहेब, मी काल तुमच्याशी खोटं बोललो. पोरं असतात. सात वर्षं मीच सांभाळतोय. काल तुम्ही आलात तेव्हा कँटीनच्या मागे लपवली होती. माझी नोकरी घालवायची तर घालवा, पण पाळणाघर द्या."

साहेब माणूस चांगला होता. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. आणि मग म्हणाले, "नोकरीबिकरी काही घालवत नाही मी तुमची. उलट कौतुक वाटतं. पण मला सांगा, सात वर्षं एक पैसा न लागता उत्तम चाललंय. मग त्यावर मी लोकांचा पैसा कशाला खर्च करू? दुसरीकडे पोरं कोंडून घालून आया कामाला जातात. त्यांना नको का आधी?"

फौजदाराने टोपी काढून हातात घेतली. पोरं नाहीत म्हटलं तर गरज नाही, आणि पोरं आहेत म्हटलं तरी गरज नाही! वर साहेब बोलत होते त्यात वावगं काय होतं? परवापर्यंत भाताच्या ताटावर तो स्वतः हेच तर बोलत होता. टोपी त्याने दोनदा फिरवली आणि पुन्हा डोक्यावर चढवली.

"उद्या दुपारी या, साहेब," शेवटी तो म्हणाला. "मी एकही पोर घेणार नाही. मग कसं चालतं ते बघा."

रात्री पाळी सुटल्यावर तो चष्मेवालीच्या घरी गेला. एक खोली, मधे पडदा, पडद्यापलीकडे चिमणी झोपलेली. नवरा म्हणाला, "काका, हिची तिसरी वेळ आहे. ही घरी बसली तर आमचं कसं व्हायचं?" चष्मेवालीने चष्मा काढून पदराने पुसला. "मागणी मी केली," ती म्हणाली, "आता दुसरीला कुठल्या तोंडाने उभी करू? मीच येते." बाकीच्या बायकांनी त्या दिवसापुरती कुणी शेजारीण गाठली, कुणी रजा टाकली. सगळं ठरलं. चिमणीला तेवढं कुणी सांगितलं नाही. दोन वर्षांच्या पोरीला सांगणार तरी काय?

दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि रस्त्यापलीकडे उभे राहिले. चष्मेवाली चिमणीला कडेवर घेऊन आली. फौजदार फाटकात उभा होता, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. चिमणीने त्याला पाहिलं, खुदकन हसली आणि हात पसरले.

"मूल आत नेता येणार नाही, ताई," फौजदार म्हणाला. "इथेही ठेवता येणार नाही."

चिमणीला वाटलं, काही तरी नवा खेळ आहे. तिने आणखी वाकून हात पुढे केले, इतके की बोटं त्याच्या मिशीला लागली. फौजदार एक पाऊल मागे सरला. मग तिचे ओठ थरथरले. रडणं तर तो रोजच ऐकायचा, पण हे तसलं नव्हतं. ती रडत होती आणि रडता रडता त्याच्याकडेच झेपावत होती. भोंगा सुरू झाला. चष्मेवाली जागची हलली नाही, तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. फौजदाराला आपली स्वतःची इतकी शरम वाटली, की समोर बघवेना.

साहेब धावतच रस्ता ओलांडून आले. "अहो, असं काय करता? घ्या ना तिला! बाईंची नोकरी जाईल!"

"मी घेतो साहेब," फौजदार म्हणाला. "वर्षअखेरीपर्यंत घेतो. पुढे कुणी घ्यायची, ते सांगा."

साहेब कपाळाचा घाम पुसत तिथेच उभे राहिले. भोंगा थांबला. पाव तासाने नवरा हात पुसत बाहेर आला, त्याने आईच्या कडेवरून चिमणीला घेतलं. मग साहेब चष्मेवालीबरोबर स्वतः आत गेले, मॅनेजरसमोर बसले आणि तिची नोकरी वाचवूनच बाहेर आले. तेवढं त्यांनी केलं, खोटं कशाला बोला!

पाळणाघर झालं. कारखान्याच्या पुढच्या कोपऱ्यावर, दोन खोल्या, दोन पगारी बायका, खिडकीला जाळी. गावात कुरकुर झालीच. चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, आमच्या कराच्या पैशातून दुसऱ्यांची पोरं का सांभाळायची? फौजदार त्याच्या अंगावर असा धावून गेला, की तो अर्धा चहा टाकून पळाला. "पोर सांभाळायला कुणी तरी लागतंच!" त्याच्यामागून हा ओरडत होता. "फुकट राबणारा तुम्हाला दिसत नाही एवढंच!"

आता दुपारी फाटकावर शांतता असायची. चष्मेवाली चिमणीला घेऊन त्याच रस्त्याने पाळणाघरात जायची. फौजदार केबिनच्या दारात येऊन उभा राहायचा, मिशी हलवून दाखवायचा, हाका मारायचा. फाटक जवळ आलं की चिमणी आईच्या खांद्यात तोंड खुपसायची आणि फाटक गेल्यावरच वर काढायची. "विसरेल हो काका," चष्मेवाली ओशाळून म्हणायची. "लहान आहे." फौजदार म्हणायचा, "अगं, तिचं काय चुकलं?"

त्याच्या शेवटच्या दिवशी सगळ्या बायका पोरांना घेऊन भेटायला आल्या. केबिनभर गोंधळ झाला. एक पोरगं मिशीला लोंबकळलं, दोघांनी टोपी पळवली. चिमणी मात्र आईच्या पायाला मिठी मारून दाराबाहेर उभी राहिली. फौजदाराने खाली बसून हात पुढे केले, ती मागे सरकली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कसा झाला निरोप?"

"पाळणाघर छान चाललंय," फौजदार म्हणाला आणि तोंड धुवायला मोरीत गेला. नळ बराच वेळ वाहत राहिला. बायकोने ताट वाढून ठेवलं, पण त्याला हाक मारली नाही.