हाकेला आलेलं लेकरू

आमच्या शेजारच्या जिजीला कोणावर रागवायचं असलं, की ती त्याला बोलावून घेत नसे. स्वतः उठून त्याच्यापर्यंत जायची. गुडघे दुखरे, अंग जड, तरी थोरला मुलगा मळ्याच्या टोकाला असला तर ही काठी टेकत टोकापर्यंत जाणार, त्याला चार शब्द सुनावणार आणि तशीच परत येणार. सुनेचं काही चुकलं तर चुलीपाशी जाऊन बसायची. चांद्या हा तिचा कुत्रा. त्यानं एकदा कोंबडीचं अंडं पळवलं, तेव्हा ही बाई अर्धं शिवार तुडवत त्याच्यामागं गेली होती. मी ओट्यावर बसून हसले होते. नगर सोडून नेवासे तालुक्यातल्या त्या खेड्यात आलेल्या मास्तरांच्या बायकोला, म्हणजे मला, करमणूक म्हणून तेवढंच होतं.

हाक ती मारायची फक्त काही द्यायचं असलं की. भाकरीचा कोर, गुळाचा खडा, मूठभर शेंगा. "चांद्या" म्हटलं की कुत्रा हजर आणि "दिनू" म्हटलं की आमचा सहा वर्षांचा दिनू हजर. कधीकधी दोघं एकाच हाकेला यायचे. दोघांत ती फारसा फरक करत नसे, आणि मला त्याचा राग यायचा. पोर आणि कुत्रं सारखंच का, असं मी एकदा विचारलंसुद्धा. ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "कुत्र्याला बोलता येत न्हाई आन् लेकराला कुनी बोलू देत न्हाई. फरक कितीसा ऱ्हायला?"

माझा स्वभाव तापट. त्यात ती दुष्काळाची वर्षं. पिण्याचं पाणी मैलभरावरून डोक्यावर आणावं लागे. एके दिवशी अशीच आणून ठेवलेली कळशी दिनूनं खेळता खेळता लवंडली आणि तो न्हाणीमागं जाऊन लपला. मी आवाजात साखर घोळून म्हटलं, "ये बाळा, काही करत नाही." तो आला. मी त्याला उलथन्यानं झोडपून काढलं. जिजी कुडापलीकडून पाहत होती.

संध्याकाळी ती काठी टेकत आमच्या ओट्यावर आली, तेव्हा मी ओळखलं की आज पाळी माझी.

"मास्तरीनबाई," ती म्हणाली, "पानी सांडलं म्हनून मारलं आसतं तर मी आले नसते. पर ते हाकेला आलं हुतं. हाकेला आलेल्याला मारलं की फुडच्या येळी ते येत न्हाई. कुत्रं येत न्हाई, तर लेकरू कुठनं येईल?"

माझं पोर आहे, मी बघून घेईन, असं काहीतरी मी तोडून बोलले. तिनं मान हलवली आणि ती गेली.

पुढं उन्हाळ्यात तिच्या मळ्यातली विहीर खोल करायचं काम निघालं. तळाला खडक लागला होता, म्हणून सुरुंग लावत. बत्ती द्यायच्या आधी माणसं आरोळी ठोकून सगळ्यांना लांब लिंबाखाली पिटाळत. एका सकाळी दिनूच्या हातून आमचा पोहरा गावच्या विहिरीत पडला आणि पोरगा जो गेला तो दुपारपर्यंत घरी नाही. शोधत शोधत मी मळ्यात पोचले. बत्ती दिलेली होती, माणसं लिंबाकडं पळत होती, आणि विहिरीच्या काठच्या दगडांच्या ढिगामागं मला दिनूची खाकी चड्डी दिसली.

मी जिवाच्या आकांतानं हाक मारली. मारत नाही, ये, म्हणाले. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि तो आणखी मागं सरकला, विहिरीच्या बाजूला. मी पुढं धावले तर जिजीच्या थोरल्यानं माझा दंड धरून ठेवला. मी पुन्हा हाक मारली. दिनू पुन्हा मागं सरकला.

तेवढ्यात लिंबाखालून जिजीची हाक आली. रोजची, भाकरीच्या वेळची, जराही न घाबरलेली.

"दिनू, ये रं बाबा."

तो उठला आणि धावत सुटला, थेट तिच्या कुशीत. पोचतो न पोचतो तोच सुरुंग उडाला. जिथं तो लपला होता त्या ढिगावर घमेल्याएवढे दगड येऊन आदळले.

पोर वाचल्याचा आनंद होताच, पण त्याहून लाज मोठी होती. माझं लेकरू सुरुंगापेक्षा मला जास्त भ्यायलं होतं. जिजी दिनूला थोपटत राहिली.

आता काय करू, असं मीच तिला दुसऱ्या दिवशी विचारलं. रोज हाक मारा, हातात काहीतरी असू द्या, आणि नाही आला तर रागवू नका, असं ती म्हणाली. मी तसं करू लागले. दिनू यायचा, पण दोन हात लांब थांबायचा आणि आधी माझ्या हातांकडं बघायचा. कितीतरी महिने हे चाललं. त्या काळात मला जेवढं रडू आलं तेवढं लग्नात माहेर सोडतानाही आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी ह्यांची बदली शेवगावकडं झाली. सामान ट्रकमध्ये चढलं, ड्रायव्हर घाई करू लागला, आणि दिनू जिजीच्या अंगणात चांद्याच्या गळ्यात हात टाकून बसला तो उठेना. जिजी आम्हाला निरोप द्यायला ट्रकपाशी उभी होती. मी तिला म्हटलं, जिजी, तुम्ही हाक मारा, तुमचं ऐकेल.

"म्या न्हाई," ती म्हणाली. "तिकडं म्या कुठं आसनार हाय? तुमीच मारा."

सगळं बांधून झालं होतं. द्यायला हातात गुळाचा खडासुद्धा नव्हता. मी हाक मारली. दिनूनं मान वर केली. आधी जिजीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. जिजीनं पाठ फिरवली.

तो सावकाश उठला आणि आला. माझ्या हातांकडं न बघता त्यानं माझ्या कमरेला मिठी मारली आणि पदरात तोंड खुपसलं. मला जिजीच्या पाया पडायचं होतं, पण वाकायला पोराला सोडावं लागलं असतं, आणि तेवढं माझ्यानं झालं नाही.