चांदीचा कागद

आमच्या जेठांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, शहाणपण फार. चोपड्याच्या केळी व्यापाऱ्यांत ऊठबस असते, म्हणून जगातलं सगळं कळतं असा तोरा.

जळगावच्या कॉलेजातली एक बाई केळी तपासायला आमच्याकडे आली. तिच्याकडे चांदीचे कागद होते, मोजकेच. चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण त्यावर बसवलेले. फवारणीच्या औषधाचा जरासा अंश त्याला लागला आणि यंत्राचा उजेड पडला, की औषधाची खूण मोठी होऊन पडद्यावर उमटते, असं तिने सांगितलं. मी दाराआडून नीट ऐकलं. माझ्या बोटांची सालं निघत होती. केळीच्या फण्या हौदात मीच धुते. जेठ म्हणायचे, साबण बदल.

बाईने कागद काढला तर जेठ म्हणाले, “थांबा ताई! नवी वस्तू शे, आधी हळदकुंकू.” आणि वाहिलंच, थेट कागदावर.

“अहो भाऊ, हे काय केलंत? आता हळदीशिवाय काही दिसायचं नाही!”

“देखा, आमना मालमा नुसती हळदच शे!” स्वतःच्याच विनोदावर हसत सुटले.

दुसऱ्या कागदासाठी त्यांनी घड आणला तो गोठ्यामागचा, घरच्या खाण्याचा. विकायच्या केळीला फवारा मारायचा, घरच्या खाण्याच्या झाडांना नाही, ही इथली रीतच आहे. पडदा कोरा राहिला. “बठ्ठा माल चोख शे,” सगळाच्या सगळा, म्हणून छाती फुगवली. त्या छातीत तेवढा तोराच भरलेला.

बाई आवरू लागली. परक्यांपुढे माझं तोंड उघडत नाही. पदर पुढे ओढला आणि नुसते हात पुढे केले. तिने ओला कापूस बोटांवरून फिरवून उरलेल्या कागदावर टेकवला. पडद्यावर उंच रेघ उभी राहिली.

“ताई, हे फवारणीचंच औषध. त्या पाण्यात उघडे हात घालू नका.”

“हाई मशीन खोटी शे,” जेठ म्हणाले.

ती गेल्यावर मी जन्मात पहिल्यांदा त्यांना तोंडावर बोलले, “उद्यापासून फण्या तुम्ही धुवा.” आवाज जेमतेम निघाला, पण ऐकू गेला.

सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा. मी चुलीपुढून उठलेच नाही. मशीन खोटी म्हणणारा माणूस हौदावर गेला तो दोन्ही हातांना कोपरापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून, गाठी दातांनी आवळत.