मी बांधा म्हटलं होतं

लग्न होऊन मंचरहून जुन्नरला आले तेव्हा मला चुलीपेक्षा पाटी-पेन्सिल जास्त ठाऊक होती. वडील मराठी शाळेत मास्तर. त्यांनी मुलगी म्हणून मला घरात बसवलं नाही, शिकवलं. सासरी मात्र कागदाचं काम. चिंध्या आणि रद्दी कुटायची, कुकडीच्या पाण्यात धुवायची, लगद्याचे ताव काढायचे आणि गिलावा केलेल्या भिंतीवर कुंच्यानं चिकटवून वाळवायचे. त्या कामात मी अगदीच कच्ची ठरले. माझ्या हातून ओला ताव हमखास फाटायचा. सासूबाईंनी महिनाभर पाहिलं आणि एके सकाळी मला परसात नेऊन म्हणाल्या, "आजपासून या कोंबड्या तुझ्या."

नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. मातीचं खुराडं, त्याला फळीचं दार, दाराला टेकवायला एक धोंडा. संध्याकाळी सगळ्या आत गेल्या की फळी लावायची, पहाटे काढायची. दिवसभर त्या परसात, उकिरड्यावर, पलीकडच्या भिंतीच्या कडेनं चरत राहायच्या. मी त्यांच्यात रमले. कोणती कुठं अंडं घालते, कोणती दुसरीला टोचते, हे मला आठ दिवसांत पाठ झालं.

परसाची भिंत मातीची, मध्येच ढासळलेली. त्या खिंडारापलीकडे एका शेतकऱ्याचं अंगण होतं. नवरा-बायको दोघंही माझ्यापेक्षा खूप वडील. तिला मी अक्का म्हणायचे, त्यांना दादा. अक्का त्या खिंडारात उभी राहून माझ्याशी तासन्‌तास बोलायची. भाकरी फुगवायला मला तिनं शिकवलं. दादा मात्र बोलतच नसत. वर्षभरात त्यांच्या तोंडून मी चार वाक्यं ऐकली असतील. अंगणात अंबाडीचा दोर वळत बसायचे, नाहीतर शेतावर.

त्यांची दोन कुत्री होती, एक काळा आणि एक तांबडा. काळा म्हातारा होता, उन्हात पडून राहायचा. तांबडा तरणा. सगळ्या आळीत त्याची फेरी असायची आणि त्याला कुणी कधी बांधलेलं मी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे मटण शिजलं की तो खिंडारातून यायचा आणि लांब बसून शेपटी हलवायचा. मी त्याला हाडकं टाकायचे. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलंच नाही.

पहिली कोंबडी गेली तेव्हा नुसती पिसं सापडली. सासूबाई म्हणाल्या मांजर असेल, नाहीतर मुंगूस. दुसरी गेली तेव्हा मी परसातच होते. भरदुपारी तांबडा माझ्या डोळ्यांदेखत काळी तलंग, नुकती अंड्यावर आलेली, तोंडात धरून खिंडारातून निघून गेला. मी ओरडले तर त्यानं वळून पाहिलंसुद्धा नाही.

मी अक्काला सांगितलं. ती ओशाळली.

"बांधते भाभी, आजच बांधते. लई हूड झालाय त्यो."

तिनं बांधला. दुसऱ्या दिवशी दोर कुरतडून तांबडा पुन्हा बाहेर. मग मी खिंडारात बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. त्या त्यानं खालून उकरून काढल्या. सासूबाईंनी बसवलेल्या कोंबडीची पिलं मी डालग्याखाली झाकायला लागले. हातात काठी घेऊन परसात बसायला लागले. पण घरात काम काय एकच असतं? पाण्याला जावं लागे, चुलीपाशी बसावं लागे. आणखी दोन कोंबड्या गेल्या.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कोंबड्यांवरून शेजार तोडायचा नसतो." सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "सांगायचं तर त्यांच्या दारात जाऊन सांग. भिंतीवरून सांगितलेलं भिंतीतच राहतं."

मध्ये चार दिवस तांबडा दिसला नाही. मला वाटलं, अखेर नीट बांधला. पाचव्या दिवशी सकाळी तो दादांच्या पायाशी झोपलेला दिसला. बरगड्या वर आलेल्या, पायाला जखमा. कुठं उंडारून आला कोण जाणे, असं म्हणून मी विषय सोडला.

त्या दिवसांत माझी एक कवडी कोंबडी खुडूक झाली होती. मी तिला मागच्या पडवीत भुशाच्या टोपलीत अंड्यांवर बसवलं होतं. मी पहिल्यांदाच स्वतः बसवलेली कोंबडी. रोज तिला दाणा-पाणी तिथंच द्यायचे. विसाव्या दिवशी एक अंडं कानाशी धरलं तर आतून टिकटिक ऐकू आली. मी धावत जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या हसल्या. "उद्या बघ," म्हणाल्या.

त्याच सकाळी पुढच्या अंगणात ताव लावायला माणूस कमी पडला म्हणून मला हाक आली. टोपलीवर डालगं ठेवलं, डालग्यावर धोंडा ठेवला आणि मी गेले. थोडाच वेळ झाला असेल. परसातून कोंबड्यांचा कल्ला ऐकू आला. हातातला ताव तसाच टाकून मी धावले.

डालगं लांब पडलं होतं. टोपली उलटी. कवडी मान मोडून पडली होती आणि तिच्या भोवती अंड्यांची टरफलं, आणि टरफलांत ती पिलं. पिसं फुटलेली, डोळे मिटलेले. दोन-तीन अजून हलत होती. तांबडा पडवीच्या टोकाला उभा होता, त्याच्या तोंडाला पिवळं लागलेलं. मला पाहून त्यानं शेपटी हलवली आणि खिंडारातून पळाला.

मी कवडीला पदरात घेतलं. खिंडारातून नाही, रस्त्यानं वळसा घालून त्यांच्या पुढच्या दारानं आत गेले. दादा अंगणात दोर वळत बसले होते. मी त्यांच्यापुढे कोंबडी ठेवली.

"दादा, हे बघा. उद्या पिलं निघणार होती. एकही ठेवलं नाही. त्याला बांधा, दादा. साखळीनं बांधा."

त्यांनी कोंबडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तांबड्यानंच केलं?"

"हो."

"डोळ्यानं पाह्यलं?"

"पाहिलं. त्याच्या तोंडाला लागलंय अजून."

ते उठले. मला वाटलं साखळी आणायला चालले. त्यांनी जिभेनं हलकेच चकचक आवाज केला. तांबडा गोठ्यामागून आला, त्यांच्या पायाशी लोळण घेतली. दादा खाली वाकले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग भिंतीला टेकवलेली पहार त्यांनी उचलली.

मला कळलंच नाही. खरंच कळलं नाही. अजूनही मला वाटतं, कळलं असतं तर मी ओरडले असते, मध्ये पडले असते. पण पहार वर जाईपर्यंत मी साखळीचाच विचार करत होते. तांबडा माझ्याकडे पाहत होता. मी हाडकं घेऊन आले असं त्याला वाटलं असावं, कारण त्याची शेपटी जमिनीवर आपटत होती. दोन घाव बसले. पहिल्यानंतर एक आवाज आला. दुसऱ्यानंतर नाही.

दादांनी पहार पुन्हा भिंतीला टेकवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा भाभी. तुमची कोंबडी घिऊन जा."

अक्का दारात उभी होती. तिच्या तोंडावर पदर होता.

मी कशी घरी आले ते आठवत नाही. सासूबाईंना वाटलं मला कुत्रा चावला. त्यांनी माझे हात-पाय तपासले, पाणी पाजलं. त्यांचा हात धरून मी म्हणाले,

"त्यांनी मारला. माझ्यासमोर मारला."

"तू मारा म्हणालीस?"

"नाही अम्मा. मी बांधा म्हटलं होतं."

त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. खरं बोलते की नाही हे त्या बघत होत्या, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

संध्याकाळी नवरा त्यांच्याकडे जाऊन आला. म्हणाला, "दादा घरी नाहीत. कुत्रा घेऊन शेतावर गेलेत, पुरायला." कुत्र्यानं मारलेली कोंबडी आम्हा मुसलमानांना चालत नाही. ती आणि ती पिलं मी परसात खड्डा करून टाकली. खड्डा मीच खणला. कुणाला हात लावू दिला नाही.

त्यानंतर अक्का खिंडारात आली नाही. मीही तिकडे बघायचं टाळू लागले. अंडी गोळा करायचे पण खाववत नव्हती. पंधरा-वीस दिवस असे गेले आणि एका सकाळी पाहते तर खिंडार बंद. दगड आणि चिखलाची भिंत, अजून ओली. दादांनी बांधली होती, आमच्याशी एक शब्द न बोलता. मला रडू आलं. माझं तोंडही त्यांना बघायचं नाही, असाच अर्थ मी घेतला.

आठवड्याभरानं अक्का आमच्या पुढच्या दारातून आली. त्या दारातून ती कधीच आली नव्हती. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, आणि एकदम म्हणाली, "भाभी, तुमाला वाटत आसंल तुमच्या कोंबडीपायी मारला."

मी रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"तसं न्हाई. लेक बाळंतपणाला आलीया न्हवं माझी. तिची पोर पाळण्यात आसतीया. तुमची कोंबडी मारायच्या आधी आठ दिवस तांबड्यानं आमच्या शेळीचं नुकतं जल्मलेलं करडू फाडलं. तवाच ह्ये म्हणाले, रगताची चटक लागलीया, आता ह्यो घरचा ऱ्हात न्हाई. मी हातापाया पडले, मारू नका म्हणलं. तर गाडीत घालून पार खोडदच्या रानात सोडून आले त्याला. चौथ्या राती आला परत. पाय फुटलेले. ह्यांनी सोताच्या हातानं दूध पाजलं. म्हणाले, बघू. सुधारला तर सुधारला."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मग तुमी आलात कोंबडी घिऊन."

"मला हे ठाऊक असतं तर मी आले नसते, अक्का."

"मग पाळण्यातल्या पोरीला धरलं आसतं एखाद्या दिशी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तीन दिस जेवले न्हाईत ह्ये. पिलू व्हता तवा ओढ्यात सापडला व्हता त्यांना. धोतराच्या सोग्यात घालून आणला व्हता."

तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. मी तिला हाडकांचं सांगितलं. किती दिवस घालत होते, कशी घालत होते, सगळं. मला वाटलं ती उठून जाईल.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "भिंतीपल्याड काय व्हतं ते दिसत न्हाई व्हय आमाला?"

चहा-बिहा आमच्याकडे तेव्हा नसायचा. सासूबाईंनी तिला गूळ दिला. तो तिनं खाल्ला आणि गेली.

पुढे तिचं माझं बोलणं पूर्वीसारखं झालं, फक्त आता रस्त्यानं वळसा घालून जावं लागे. कोंबड्या वाढल्या. माझ्या हातून खुडूक कोंबड्या बसल्या, पिलं निघाली. पण दादांना मी कित्येक महिने तोंड दाखवलं नाही. समोरून येताना दिसले की बोळात वळायचे. त्यांचा राग येत होता असं नाही. भीती म्हणावी तर तीही नाही. इतक्या शांत हातांनी माणूस काय करू शकतो ते मी पाहिलं होतं, आणि तेच हात तांबड्याच्या डोक्यावरून फिरताना पाहिले होते. दोन्ही एकत्र माझ्या मनात मावत नव्हतं.

एकदा बाजाराच्या दिवशी मात्र चुकवता आलं नाही. अरुंद रस्ता, समोरून ते, खांद्यावर दोराचं वेटोळं. मी पदर पुढे ओढून भिंतीला लागून उभी राहिले. ते पुढे गेले, मग थांबले.

"भाभी, कोंबड्या बऱ्या हायत न्हवं?"

"हो दादा."

त्यांनी मान हलवली आणि चालू लागले. मी तिथंच उभी राहिले. आपणही काहीतरी विचारायला हवं होतं, हे मला ते वळणाआड गेल्यावर सुचलं.