उर्फ क्लचबाई

क्लचबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस सगळ्या वस्तीत एकच होतं: त्यांची आई. तीही रागावली असेल तरच. बाकी सगळ्यांच्या त्या क्लचबाई. गाडी शिकायला आलेल्या माणसाला त्या पहिल्या दिवशी जे काही सांगत, ते सगळं "क्लच!" या एका शब्दात बसे. आवाज असा, की सिग्नलला शेजारी उभे असलेले मोटारसायकलवालेसुद्धा दचकून आपला क्लच दाबत. शिकणारे घामाघूम होत, मनातल्या मनात शिव्या घालत आणि एकदाचे शिकत.

तर या बाईंनी नाव बदलायचं डोक्यात घेतलं ते घटस्फोटानंतर. घटस्फोट तसा गुण्यागोविंदाने झाला. नवऱ्याला जायचं होतं आणि बाईंना तो जायला हवा होता. एवढं एकमत त्यांचं उभ्या संसारात कधी झालं नव्हतं. आता त्या त्याला नुसतं "माजी" म्हणत. "माजी येऊन गेले, छत्री राहिली होती त्यांची." कुणी भुवया उंचावल्या की म्हणत, "त्या शब्दात माज आधीच आलाय, वेगळा सांगावा लागत नाही."

माजी छत्री घेऊन गेले, पण आडनाव ठेवून गेले. ड्रायव्हिंग स्कूल त्याच आडनावाने चालायचं. गाडी बाईंची, पेट्रोल बाईंचं, घसा बाईंचा, आणि टपावरच्या पाटीवर माजी. शिकाऊ माणसाने गाडी दुभाजकावर चढवली की लोक पाटी वाचून त्या आडनावाचा उद्धार करत, तेवढंच काय ते समाधान.

आता स्कूलचा परवाना नव्याने काढायचा होता. एकदा निघाला की तो चौकटीत घालून भिंतीवर लावायचा आणि त्याच्याखाली बसून उरलेली नोकरी, म्हणजे स्वतःचीच, करायची. त्या भिंतीवर बाईंना आपलं नाव हवं होतं. आपलं म्हणजे माहेरचं. माजींना तिथे खिळ्याएवढीही जागा द्यायची नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

नाव बदलून देणारी कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्यापाशी मोडक्या खुर्च्यांची उतरंड, आत एक पंखा, पंख्याखाली एक कारकून. बारीक चणीचा माणूस, पण टेबलामागे बसला की वाघ.

"जुनं नाव सांगा."

बाईंनी काढा प्यायल्यासारखं तोंड करून सांगितलं.

"नवीन?"

बाईंनी मान ताठ करून सांगितलं. कारकुनाने लिहून घेतलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: आधी नवीन नाव, मग "उर्फ", मग जुनं.

"ते उर्फ काढा," बाई म्हणाल्या. "आणि त्याच्या पुढचंही."

"उर्फ लागतंच, मॅडम."

"उर्फ गुंडांना लावतात. पेपरात वाचत नाही का? अमुक उर्फ तमुक, आणि शेजारी फोटो, तोंडावर फडकं टाकलेला. मी काय कुणाचा मुडदा पाडलाय?"

"तसं नाही हो. तुमचे सगळे कागद जुन्या नावाचे. उर्फ नसलं तर ती बाई वेगळी आणि तुम्ही वेगळ्या."

"वेगळ्याच आहोत. ती बाई गेली."

"गेली?" कारकुनाने पेनाला टोपण लावलं. "मग मृत्यूचा दाखला आणा."

बाई तरातरा जिना उतरल्या. त्या दिवशी शिकायला आलेल्यांचं काही खरं नव्हतं.

दोन-चार दिवसांनी सकाळी नवा शिकाऊ हजर झाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने बाईंकडे पाहिलं. टेबल नव्हतं, पंखा नव्हता, पण माणूस तोच होता.

"तुम्ही?" कारकून म्हणाला. "मला वाटलं, पाटीवर नाव आहे ते गृहस्थ..."

"हो, तेच. तुमच्या उर्फच्या पुढचे. बसा. क्लच!"

कारकून बसला आणि मागे वळून दचकला. मागच्या सीटवर बाईंची आई होती. वडील गेल्यापासून ती बाईंकडेच राहायची आणि सकाळची पहिली फेरी कधी चुकवायची नाही. शिकाऊ माणसाच्या मागे बसायला काळीज लागतं. म्हातारीला ते होतं. ऐकायला कमी यायचं म्हणे, पण हवं ते सगळं यायचं.

टेबलामागचा वाघ स्टिअरिंगमागे पार शेळी झाला. चौकात गाडी बंद, चढावर गाडी बंद, रिकाम्या रस्त्यावरसुद्धा गाडी बंद. बाईंनी मनात आणलं असतं तर त्याला तिथेच रडवला असता. पण त्याने स्टिअरिंग छातीशी कवटाळलेलं बघून त्यांना त्याची दयाच आली, आणि आपल्याला दया आली याचा रागही आला.

"मॅडम," गाडी एकदाची सरळ चालायला लागल्यावर कारकून रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही पूर्ण ऐकलंच नाहीत. उर्फ जन्माला पुरत नाही हो. सरकारी राजपत्रातल्या जाहिरातीत एकदा छापायचं. मग तुमच्या सहीत नाही, परवान्यात नाही, कुठेच नाही. पण काय सोडलं ते एकदा तोंडाने म्हणावं लागतं. त्याशिवाय ते सुटलं असं आम्हाला लिहिता येत नाही."

बाईंनी त्याच्याकडून गिअर बदलून घेतला. "बरं," म्हणाल्या. ते बरं उर्फला होतं की गिअरला, कारकुनाला कळलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही.

मागून आई म्हणाली, "कुठलं नाव घेणार म्हणालीस गं?"

"माहेरचं. किती वेळा सांगू?"

"म्हणजे यांचं," आई म्हणाली.

यांचं म्हणजे बाबांचं. बाईंनी गर्रकन मागे वळून पाहिलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्या एकदा बॅग भरून माहेरी गेल्या होत्या. बाबांनी दार अर्धंच उघडलं. "तुझं नाव आता वेगळं आहे, तुझं घरही तेच," एवढंच म्हणाले, आरडाओरडा नाही, काही नाही. त्यांच्या मागे आई उभी होती. ती काहीच बोलली नाही. बाई तशाच उलट पावली परतल्या आणि पुढे कित्येक वर्षं माजींच्या नावाखाली राहिल्या. तो दिवस त्यांनी मनाच्या तळाशी असा दडपून टाकला होता, की परवान्यावर कुणाचं नाव मागतोय हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग काय करू मी?" त्या गाडीत बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "एक नवऱ्याचं, एक बापाचं. तिसरं आणू कुठून?"

कारकुनाने कुणी न सांगता सिग्नल दिला, गाडी कडेला घेतली आणि बंद न पाडता उभी केली. त्याच्या शिक्षणातलं ते पहिलं बिनचूक काम.

"माझं घे," आई म्हणाली.

"तुझं तेच बाबांचं ना?"

"माझं. लग्नाआधीचं." आणि तिने ते उच्चारलं.

बाईंना ते आडनाव तोंडपाठ होतं, पण मामाचं म्हणून. आईचं म्हणून ते कधी त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं.

"त्या दिवशी बोलायला हवं होतं मी," आई म्हणाली. "घाबरले गं."

"मला तुझा फार राग होता, आई. अजून आहे."

"माहीत आहे मला. कधीतरी बोलशील म्हणून तर रोज मागे येऊन बसते. हौस का आहे मला असले धक्के खायची?"

बाईंना हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला. कारकुनाने खाकरून घेतलं. "आईचं लग्नाआधीचं आडनाव चालतं," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "नियमात बसतं."

दुसऱ्या दिवशी मायलेकी कचेरीत गेल्या. आईला जिना चढवताना दर वळणावर थांबावं लागलं. बाईंनी अर्ज भरला, उर्फ स्वतःच्या हाताने लिहिलं, माजींचं आडनाव त्याच्यापुढे नीट, वळणदार अक्षरात लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: घटस्फोट. कारकुनाने शिक्का मारला.

"आता एक अर्ज मला दे बाळा," आई म्हणाली.

"तुम्हाला कशाला, आजी?"

"नाव बदलायला. लग्नाआधीचं माझं, उर्फ यांचं."

कारकून टेबलामागचा कारकून झाला. "असं नुसतं नाही बदलता येत, आजी. कारण लागतं. लग्न, घटस्फोट, दत्तक... काहीतरी ठोस."

आईने थोडा विचार केला. मग लेकीचा हात धरून म्हणाली, "लिही, राहून गेलं होतं."

कारकुनाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, आणि त्याने ते लिहिलं.