फी माफ झाली होती

परवा गारखेड्याच्या मैदानावर खो-खोसाठी फक्की टाकत होते. तो कोरडा चुन्याचा वास नाकात गेला आणि आठवीतला तो शनिवार आठवला. शेंद्र्याहून येणारी एक मेंढपाळाची मुलगी आमच्या संघात होती, पळण्यात लई चपळ. मी मात्र राखीव. खेळाची फी भरता येईना म्हणून तिनं सरावाला यायचं सोडलं होतं. सरांनी मला बोलावून सांगितलं, "तिची फी माफ केलीय. उद्या सामन्याला यायचं म्हणून निरोप दे." ती शाळेच्या नळावर पाय धूत होती. "सर काय म्हणले गं?" तिनं विचारलं. "काई नाय," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, घरचे पाठवत नाहीत तिला. तिच्या जागी मी खेळले. सोमवारी ती फाटकाशी माझीच वाट बघत उभी होती. "आपुन जिंकलो का गं?" तिनं 'तुम्ही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. "व्हय," म्हणून मी वर्गात निघून गेले. आता पालकसभेत खेळाच्या फीवर सगळे तावातावानं बोलतात, फीमुळे पोरी घरी बसतात म्हणतात. तिला फीनं नाही, मी घरी बसवलं होतं.