मंडळाच्या खोलीची लाल रेघ

भूत, मुंज्या, चकवा... या गोष्टी मी आयुष्यात मानल्या नाहीत. गिरणीत दुसरी पाळी करून मध्यरात्री अंधारात एकटा चालत घरी आलोय, कित्येक वर्षं. मला कधी कोणी आडवं आलं नाही, कोणी साधी विडीसुद्धा मागितली नाही. इथे ग्रुपवर लोक जे अनुभव लिहितात ते मी बायकोला वाचून दाखवतो आणि ती घाबरली की हसतो. आता मलाच लिहायला लागतंय, आणि खरं सांगतो, त्याचीच चीड आलीय. मी चौथीपर्यंत शिकलेला. मोबाइलवर एका बोटाने लिहितोय. नात म्हणाली, आबा, मी टाइप करून देते. नको म्हटलं. माझं मला लिहिता येतं.

आमची चाळ लालबागची. तळमजला आणि वर दोन माळे, लाकडी जिना, पुढे लांब गॅलरी आणि प्रत्येक खोलीला मागे एक खिडकी. गॅलरीतून आलेला वारा मागच्या खिडकीतून बाहेर पडतो, म्हणून मे महिन्यातसुद्धा आमचं नुसत्या पंख्यावर भागतं. चाळ आता पाडणार. बिल्डरने टॉवरचा नकाशा दाखवला तर सगळी घरं पाठीला पाठ लावलेली आणि खिडक्या एकाच बाजूला. मी विचारलं, वारा कुठून जाणार? बिल्डरचा इंजिनिअर म्हणाला, "काका, आता एसी लावा ना, मजा करा."

माझ्या बायकोला दमा आहे. एसीच्या खोलीत तिचा श्वास अडकतो. मुलीच्या घरी एकदा रात्रभर खुर्चीत बसून काढलीय तिने. म्हणजे नवीन घर मिळणार, आणि तिला त्यात श्वास घेता येणार नाही. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ओरडलो. सेक्रेटरी नार्वेकर म्हणाला, "काका, तुम्ही प्रत्येक मीटिंगला ओरडता." सगळे हसले.

माझी नात मनाली, थोरल्या मुलाची मुलगी. ती अशा ऑफिसात आहे जिथे बिल्डिंग किती तापणार, वारा कसा फिरणार, हे बांधायच्या आधीच कॉम्प्युटरवर काढून देतात. ती म्हणाली, "आबा, ओरडून होणार नाही. आकडे दाखवू. आधी आपली चाळच कॉम्प्युटरमध्ये उभी करते. ती खऱ्या चाळीसारखी तापली-थंडावली, तर त्याच हिशोबाने टॉवरचं काय होणार ते बिल्डरला ऐकावंच लागेल."

मला वाटलं, बसेल आणि करेल. पण आधी सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं, यावरच घोडं अडलं. हिंदमाताला साडी घ्यायला गेलेली बाई जशी गठ्ठेच्या गठ्ठे उघडायला लावते, तसं या पोरीचं चाललं होतं. पहिलं सॉफ्टवेअर दिसायला झकास, रंगीत चित्रं, पण ते अख्खा माळा म्हणजे एकच खोली धरायचं.

मी म्हटलं, "त्याला काय चाळ म्हणजे गोडाऊन वाटलं काय?"

"म्हणून तर बदलतेय ना, आबा. मला प्रत्येक खोली वेगळी हवी."

दुसरं फुकटातलं. त्यात चित्र नाही, बित्र नाही. भिंत किती जाड, लाकूड कसलं, पत्रा कुठला, सगळं हाताने टाइप करायचं. एक टिंब चुकलं की पानभर चुका ओकायचं. तिसरं एकदम महागडं, ऑफिसात वापरून बघायला थोड्या दिवसांसाठी आलेलं. प्रत्येकात खोलीत माणसं किती, ती कधी असतात, चूल कधी पेटते, पंखा कधी लागतो, तेही भरायचं. मनाली म्हणाली, माणसाच्या अंगाचीसुद्धा गरमी असते, ती धरावी लागते.

मग तिने चाळीत चार ठिकाणी काडेपेटीएवढ्या डब्या टांगल्या. त्या खोलीची गरमी आपोआप नोंदवत राहतात. एक आमच्याकडे, एक तळमजल्यावर, एक वरच्या माळ्यावर पत्र्याखाली, आणि एक मंडळाच्या खोलीत.

मंडळाची खोली म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची ही खोली, आमच्याच माळ्यावर शेवटची. गावाहून गिरणीत आलेला बाप्या पहिला इथेच उतरायचा. मीही लग्नाआधी इथेच होतो. प्रत्येकाची एक ट्रंक आणि वळकटी. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक जेवून तयारीत. खोलीचा एक नियम होता. बाहेरच्याने विचारलं तर 'खोलीत कोणी नाही' असं म्हणायचं नाही. 'माणसं पाळीवर गेलीत' असंच म्हणायचं. कामावर गेलेल्या माणसाची जागा रिकामी म्हणणं आमच्यात वाईट. गिरण्या बंद पडल्या, माणसं एकेक करून गावी गेली, बरीचशी आता नाहीतच. खोलीला कुलूप आणि चावी माझ्याकडे खिळ्याला. वर्षातून एकदा उघडून झाडतो.

मनालीने ती खोली मुद्दाम घेतली. म्हणाली, "तिथे माणूस नाही, चूल नाही, लाइट कापलेली. रिकामी खोली जुळवायला सगळ्यात सोपी."

तिची आजी आतून ओरडली, "रिकामी म्हणू नको गो! माणसा पाळीक गेली हत!"

मी म्हटलं, "तू गप. पोरगी शिकलेली आहे."

आणि तीच सोपी खोली जुळेना!

कॉम्प्युटरवर दोन रेघा दिसायच्या. लाल म्हणजे डबीने नोंदवलेली खरी गरमी, निळी म्हणजे सॉफ्टवेअरने काढलेली. बाकी तिन्ही खोल्यांत दोघी हातात हात घालून चालायच्या. मंडळाच्या खोलीत निळी आपली सरळ, आणि लाल वर, बरीच वर. शिवाय ती मधेच खाली यायची, परत चढायची. आधी दुसऱ्या सॉफ्टवेअरला शिव्या घालून झाल्या, म्हणून तिसरं घेतलं. तेच. म्हणून पहिल्यात ती एकच खोली टाकून बघितली. तेच! तीन वेगळ्या सॉफ्टवेअरची खोड एकच कशी असेल? मनालीने डबी बदलली. आमच्या खोलीतली तिकडे टांगली, तिकडची आमच्याकडे. लाल रेघ तिथेच.

मी म्हटलं, काहीतरी साधं असणार. भिंतीपलीकडे खानविलकर वहिनी. त्यांचा फ्रीज भिंतीला लागलेला आहे का बघायला गेलो. त्या भडकल्या.

"अहो भाऊजी, माझा फ्रीज काय तुमच्या मंडळाची खोली तापवायला घेतलाय?"

फ्रीज समोरच्या भिंतीला होता. वर पाण्याची टाकी नाही, ऊन तेवढंच जेवढं सगळ्यांना. चोरून कोणी आत येतं का म्हणून मी कुलपावर कागद चिकटवला, त्यावर अंगठा उमटवला. कागद जसाच्या तसा. दुपारी उघडून आत गेलो. धूळ. ट्रंका ओळीने. मधे डबी लोंबकळतेय. मी तिथेच भांडलो तिच्याशी, एकटाच. कसली गरमी दाखवतेस गं? कुठाय गरमी?

मनालीच्या साहेबांनी तिला सांगितलं, ती खोली हिशोबातून काढून टाक, कोण विचारतंय. ती मला म्हणाली, "आबा, काढते."

"अजिबात नाही. बिल्डरने विचारलं की डबी टांगलेली खोली कुठे गेली, तर काय सांगशील? सोपी जुळली नाही म्हणून लपवली? मग तुझ्या बाकीच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवेल? आणि आजीच्या खिडकीचं काय?"

"मग काय करू? मी थकलेय आता! तीन सॉफ्टवेअर झाली, रविवारी मीटिंग आहे. जिथे कोणी नाही तिथे गरमी दिसतेय!" डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

तिचं रडणं मला बघवत नाही, आणि बघवलं नाही की मी चिडतो. मी म्हटलं, "मग भर माणसं त्यात! कोंब अख्खा गाव! तिन्ही पाळ्या लाव, होऊ दे एकदाचं समाधान!"

मी टोमणा मारला होता. तिने नाक पुसलं आणि विचारलं, "पाळ्या कशा असायच्या?"

मी रागारागात सांगितल्या. सकाळची, दुपारची, रात्रीची. पाळी बदलताना दार उघडं, माणसांची ये-जा. ती टाइप करत गेली, त्या चित्र नसलेल्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये, कारण माणसांच्या येण्याजाण्याचं वेळापत्रक त्यातच सगळ्यात बारीक लावता येतं म्हणे. मग बटण दाबलं. चहा झाला, तरी ते रांगतच होतं. आणि मग निळी रेघ आली.

ती लाल रेघेवर बसली. बसली म्हणजे अशी, की खालची लाल दिसेना. जिथे खाली यायची तिथे खाली, जिथे चढायची तिथे चढलेली. पाळी बदलायची वेळ, दार उघडायची वेळ.

मनालीने हळूच एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथे मात्र दोघींचं जमत नव्हतं. लाल रेघ दिवसभर वरच होती, खाली येतच नव्हती.

"हा कुठला वार?" मी विचारलं.

"रविवार. पुढच्या आठवड्यातही तसंच आहे. दर रविवारी."

मी तिला सांगायला विसरलो होतो. रविवारी गिरणीला सुट्टी असायची.

तिने रविवार भरला. तोही बसला.

आता मला कोणी सांगेल की योगायोग. मी स्वतःला तेच सांगत होतो. बायको देवाला दिवा लावून आली आणि म्हणाली, "मी काय सांगी होतंय?" मी तिच्यावर ओरडलो, उगाच.

रविवारी मीटिंग झाली, गॅलरीतच, खुर्च्या मांडून. मनालीने भिंतीवर सगळ्या रेघा दाखवल्या. आधी चाळीच्या, मग टॉवरच्या. टॉवरची घरं दुपारी कशी भट्टी होतात ते बघून बायका चुकचुकल्या. मंडळाच्या खोलीची तिने दोन्ही चित्रं लावली. एकात खोली रिकामी धरलेली, दुसऱ्यात तीन पाळ्यांची माणसं. ती सरळ म्हणाली, दुसरं जुळतं, का जुळतं ते मला माहीत नाही, आणि ही खोली सोडूनसुद्धा टॉवरचा आकडा तोच येतो. लपवलं नाही पोरीने काही.

बिल्डरचा इंजिनिअर हसत उठला. त्याला हेच हवं होतं. "म्हणजे मॅडम, ज्या खोलीला कुलूप आहे तिथे तुम्ही माणसं भरलीत? मग हा सगळा रिपोर्ट असाच असणार ना?" मग माझ्याकडे वळला. "काका, चावी तुमच्याकडे असते म्हणे. तुम्हीच सांगा सगळ्यांसमोर. कोण आहे त्या खोलीत?"

मी 'कोणी नाही' म्हणायला तोंड उघडलं. खरंच तेच म्हणणार होतो. आणि तोंडातून आलं, "माणसं पाळीवर गेलीत."

तो हसायला लागला. पण एकटाच. जुनी माणसं, ज्यांचे बाप त्या किंवा तसल्याच खोल्यांत राहिले होते, ती खाली बघत होती. नार्वेकरचे वडील तर त्याच खोलीत होते. तोही हसला नाही.

तेवढ्यात मागून माझ्या बायकोचा आवाज आला, दम लागलेला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"अहो, असा काय बोलतास? आज रविवार. आज सगळी घरात हत."

आणि आम्ही सगळे, इंजिनिअरसकट, गॅलरीच्या टोकाच्या त्या दाराकडे बघायला लागलो. दार बंद होतं. कुलूप होतं. काही वाजलं नाही, हललं नाही. तरी ज्यांच्या हातात चहाचा ट्रे होता त्या खानविलकर वहिनी त्या दारापासून सरकून अलीकडे आल्या.

नार्वेकरने घसा साफ केला आणि ठराव वाचला. दोन्ही बाजूंना खिडकी नसेल तर नकाशा मंजूर नाही. हात वर झाले. सगळे. इंजिनिअर म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. अजून विचारतोच आहे. बायको रोज मला विचारते आणि मी रोज नार्वेकरला. ते भांडण संपलेलं नाही, पण आता मीटिंगमध्ये मी ओरडलो की कोणी हसत नाही.

डब्या मनालीने ऑफिसला परत दिल्या. तिच्या साहेबांनी आकडे परत तपासले, त्यांनाही चूक सापडली नाही. ती सॉफ्टवेअरवाल्यांना लिहिणार होती, मीच म्हटलं राहू दे, काय लिहिशील? इथल्या कोणाला काही साधं कारण सुचत असेल, भिंतीचं, लाकडाचं, विजेचं, तर जरूर सांगा. उपकार होतील. भूत होतं असं मात्र मला सांगू नका. मी मानत नाही. त्या दिवशी मानलं नाही, आज मानत नाही.

फक्त झाडायला जातो तेव्हा कुलूप काढायच्या आधी कडी वाजवतो. एकदम दार उघडू नये. आत कोणी तिसरी पाळी करून आलेला असतो, आत्ता कुठे डोळा लागलेला असतो.