उघडा कान

पंचवीस वर्षं मी लग्नांचे फोटो काढले आणि एक सवय अंगात मुरली. कॅमेरा डोळ्याला लावला की तोंडातून ‘इकडे बघा’ निघायचंच. नवरदेव असो नाहीतर रुसलेल्या आत्याबाई, सगळे निमूट बघायचे. पुढे लग्नांचा कंटाळा आला आणि हौसेखातर व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचे फोटो काढायला लागलो.

त्यांतलीच एक मुलगी खडकवासल्याच्या अलीकडे, पूर्वी गाव असलेल्या आणि आता महापालिकेत आलेल्या वस्तीत राहायची. नोकरी विमा कंपनीत, आणि सुट्टीच्या दिवशी पाच मुलींच्या संघाची कप्तान. त्या रविवारी दुपारी त्यांचा उपांत्य सामना होता. सलग तीन वर्षं त्या याच पायरीवरून परत फिरल्या होत्या, आणि यंदा अंतिम फेरी गाठायचीच असं तिनं ठरवलं होतं.

“या, बसा. पोरगी आत हाय, सकाळधरनं त्या मशीनम्होरंच बसलीया,” दारात तिची आई म्हणाली.

मी आपला लग्नाच्या थाटात उजेड पसरवायच्या दोन छत्र्या आणि मोठे फ्लॅश घेऊन गेलेलो. तिनं त्या पसाऱ्याकडे एकदा बघितलं आणि फ्लॅशचा उजेड स्क्रीनवर पडला तर मला समोरचा शत्रू दिसणार नाही, असं शांतपणे सांगितलं. सगळं मुकाट्यानं परत पिशवीत गेलं. खिडकीला सोलापुरी चादर लावली. एक छोटा दिवा तिच्या मागच्या पांढऱ्या कपाटाकडे वळवला, म्हणजे परतलेला उजेड तेवढा केसांवर यावा. चेहरा उजळायचं काम स्क्रीनवर सोडून दिलं.

हेडफोन तिनं एकाच कानावर घातला होता. पलीकडच्या खोलीत तिचे वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. त्यांची हाक ऐकू यावी म्हणून दुसरा कान कायम उघडा. बाकीच्या पोरी दोन कानांनी खेळतात, मी एकानं, असं ती म्हणाली, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

सामना सुरू झाला आणि मी फोटो काढायचंच विसरलो. ती आवाज न चढवता, आपापल्या घरून खेळणाऱ्या चौघींना माइकवरून सूचना देत होती. मध्येच वडिलांनी पाणी मागितलं, तर एका हातानं खेळत, दुसऱ्यानं माइक झाकून तिनं आईला हाक मारली. एवढं लक्ष मी कुठल्या बोहल्यावर पाहिलं नव्हतं. बरोबरी होऊन शेवटचा डाव आला, निळसर उजेडात तिचा चेहरा विलक्षण दिसत होता, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “इकडे बघा.”

तिनं बघितलं. वडीलधाऱ्यानं हाक मारली की बघायचं, हे वळण घरातलंच. मी बटण दाबलं आणि तिची स्क्रीन लाल झाली. या खेळात एकदा मेलं की त्या डावात परत येता येत नाही. उरलेल्या चौघी थोडा वेळ लढल्या, मग संपलं.

“जिंकली का गं?” आतून वडिलांनी विचारलं.

“हरलो, अण्णा.”

“कशानं?”

मी कॅमेरा घेऊन मेल्याहून मेल्यासारखा उभा होतो.

“माझ्यामुळे,” ती म्हणाली. संघातल्या मैत्रिणींनाही तिनं तेच सांगितलं.

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो आहे, आणि याची मला लाज वाटते. पुढे या फोटोंचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा मी तो दारासमोरच लावला. खाली लिहिलं: ‘सामना चालू असताना मी हिला इकडे बघायला सांगितलं. त्या हरल्या, ती चूक माझी.’

एका संध्याकाळी पाचही जणी आल्या. चौघींनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग एकीनं तिला विचारलं की इतके दिवस हे का सांगितलं नाहीस.

“कान तर मीच उघडा ठेवला होता ना,” ती म्हणाली.